इंजिन बदललेल्या जुन्या टाटा ४०७ मध्ये मॅनिफोल्डचं पॅकिंग वारंवार उडतंय? आधी मॅनिफोल्डची निवड तपासा

जुन्या ४०७ मालगाडीत टर्बोचं इंजिन बसवलं की पहिले काही दिवस मालक खूश असतो. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. माल भरलेला असतानाही गाडी ओढते, घाटात गिअर कमी टाकावे लागतात. मग एका सकाळी स्टार्टर मारताच कॅबिनखालून फटफट असा फाटका आवाज येतो. मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा जळालेला वायू गोळा करून सायलेन्सरच्या पाइपाकडे नेणारा भाग, आणि इंजिनाचं हेड यांच्या मधलं पॅकिंग बदललं जातं, आवाज थांबतो. कोंडाईबारी किंवा बिजासन घाटाच्या काही फेऱ्या झाल्या की ड्रायव्हर पुन्हा दारात उभा: "मिस्तरी, पॅकिंग परत उडी गयं." पुढच्या खेपेला पॅकिंगसोबत मॅनिफोल्ड हेडला आवळणारा एखादा स्टडही तुटलेला निघतो, आणि त्यानंतर थेट मॅनिफोल्डलाच तडा.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. खानदेशातल्या केळीच्या, कापसाच्या, कांद्याच्या गाड्या इथून जातात आणि इथेच थांबतात, त्यामुळे ही तक्रार आमच्याकडे नेहमीची. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पॅकिंग भारीतलं घेतल्याने हा त्रास जात नाही. इंजिन बदलताना मॅनिफोल्ड फक्त जागेत बसतो की नाही एवढंच बघून निवडला जातो, आणि गाडीतला जुना सायलेन्सरचा पाइप ओढूनताणून त्याला जोडला जातो. पॅकिंग दाबून धरणारे दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकत राहतात आणि बिचारं पॅकिंग झिजून उडतं. म्हणून खालची तपासणी त्याच क्रमाने करा, ज्या क्रमाने लिहिली आहे.

गळती नेमकी कुठे आहे?

इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना सकाळी बघा. मॅनिफोल्ड थंड असताना फट सगळ्यात मोठी असते. तापला की लोखंड फुगून फट बरीचशी बुजते आणि आवाज दबतो. दुपारी गॅरेजला आणलेल्या गाडीत "आता तर येत नाही आवाज" असं होतं ते यामुळे. स्टार्ट केल्यावर पहिली दोन मिनिटं महत्त्वाची. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं जोडाजवळ फिरवलं की फुसफुस कुठून येते ते लगेच कळतं. हलत्या पट्ट्यापासून नळी लांब ठेवा. डिझेल कुठेही पाझरत नसेल तर पेटती उदबत्ती जोडापाशी धरूनही बघता येतं, धूर उडवला जातो तिथे गळती.

काजळी तर खोटं बोलतच नाही. जोडाच्या कडेला काळी पिसाऱ्यासारखी रेघ उमटलेली असते, आणि तिची जागा बघूनच निम्मं निदान होतं. टोकाच्या सिलिंडरपाशी, म्हणजे पहिल्या किंवा चौथ्यापाशी, काजळी असेल आणि तिथलाच स्टड तुटत असेल, तर मॅनिफोल्ड तापून लांब होतो तेव्हा त्याला सरकायला जागा मिळत नाहीये. सायलेन्सरचा पाइप जिथे खाली उतरतो त्या बाजूलाच दरवेळी उडत असेल तर पाइपाचं वजन किंवा ओढ मॅनिफोल्डवर येतेय. सगळीकडेच थोडी थोडी काजळी असेल तर फ्लॅन्ज, म्हणजे जोडावर टेकणारी जाड पट्टी, वाकडी झाली आहे. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, मॅनिफोल्डला दोन पोर्टच्या (वायूच्या तोंडांच्या) मधोमध तडा असेल तर उष्णता जास्त होतेय किंवा गरम असताना पाणी लागलंय. बनवून घेतलेल्या मॅनिफोल्डला वेल्डिंगच्या अगदी कडेला तडा असेल तर पाइप पातळ आहे आणि तो थरथरतोय.

टर्बो आणि मॅनिफोल्डच्या मधला जोडही विसरू नका. तिथून वायू निसटला की टर्बोला पुरेसा जोर मिळत नाही, गाडी जड होते आणि काळा धूर सोडते. पुष्कळ जण अशा गाडीचा डिझेल पंप उघडून बसतात, आणि चूक पंपात नसतेच.

सायलेन्सर मॅनिफोल्डला लटकलाय का?

ज्या गाड्यांत पॅकिंग वारंवार उडतं, त्यातल्या बहुतेकांत मला हेच कारण सापडतं, म्हणून इथे जरा थांबतो.

इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं. क्लच सोडताना ते एका अंगाला कलतं, रिव्हर्समध्ये दुसऱ्या अंगाला, आणि चार सिलिंडरचं डिझेल इंजिन बंद करताना तर अख्खं गदगदतं. मॅनिफोल्ड इंजिनासोबत हलतो. सायलेन्सर मात्र चेसिसला बांधलेला, तो हलत नाही. या दोघांना सरळ लोखंडी पाइपाने जोडलं की इंजिनाची प्रत्येक हालचाल मॅनिफोल्डच्या फ्लॅन्जवर येते. त्यात पाइपाला मधे आधार नसेल तर भर पडते. एक मीटर लांब, दहा किलोचा पाइप फक्त फ्लॅन्जवर लटकला असेल तर उभ्या गाडीतच त्या फ्लॅन्जवर अर्ध्या मीटर लांबीवर दहा किलो टांगल्याएवढा वाक येतो. खड्ड्यात तोच कितीतरी पट होतो.

सावद्याकडची एक केळीची गाडी आठवते. मळ्यातून वखारीपर्यंत माल ओढणारी, त्यामुळे निम्मा रस्ता मातीचा. पॅकिंग तिच्यात टिकतच नव्हतं. मॅनिफोल्ड बघण्याआधी गाडीखाली गेलो, तर गिअरबॉक्सच्या मागे चेसिसच्या आडव्या पट्टीपाशी पाइपावर रुपयाच्या नाण्याएवढा एक चकचकीत ठिपका होता. बाकी पाइप गंजलेला आणि तेवढीच जागा घासून चांदीसारखी. इंजिन बंद करायला सांगितलं, तर शेवटच्या गचक्याला पाइप तिथे ठक्कन आपटला. वर यू क्लॅम्पने पाइप सरळ चेसिसला आवळलेला, मधे रबर नाही. इंजिनाच्या एका बाजूचं फाउंडेशन नवं, दुसऱ्या बाजूचं तेलाने भिजून फुगलेलं. आधीच्या कोणीही पॅकिंग चुकीचं बसवलं नव्हतं. त्या पॅकिंगला जगायला संधीच नव्हती.

यावरचा उपाय तीन भागांचा. मॅनिफोल्डपासून किंवा टर्बोपासून खाली येणारा पाइप इंजिनालाच किंवा गिअरबॉक्सच्या घराला एका जाड पट्टीने धरायचा, म्हणजे तो इंजिनासोबत हलेल. त्याच्या पुढे स्टीलच्या जाळीचा फ्लेक्सिबल तुकडा, पुरेशा लांबीचा, शक्य तितका सरळ ठेवून. आणि फ्लेक्सिबलच्या पुढचं सगळं चेसिसला, पण रबरी हँगरवर. फ्लेक्सिबलच्या अलीकडचा एकही आधार चेसिसवर जाता कामा नये आणि पलीकडचा एकही इंजिनावर जाता कामा नये. हे एवढं पाळलं तर निम्म्या गाड्यांची तक्रार मॅनिफोल्डला हात न लावता मिटते.

ओढ आहे की नाही हे तपासायची सोपी रीत: इंजिन थंड असताना खालच्या पाइपाच्या फ्लॅन्जचे बोल्ट सोडा. पाइप जागच्या जागी राहिला तर ठीक. तो टणकन बाजूला सरकला, किंवा परत जोडताना टॉमी (लोखंडी दांडा) घालून आणावा लागला, तर पाइप कापून पुन्हा जुळवा. बोल्ट बोटांनी आत गेले पाहिजेत.

मग मॅनिफोल्ड कोणता घ्यायचा?

४०७ बाजारात आली १९८६ मध्ये. तिच्यातलं टर्बो नसलेलं इंजिन आणि नंतरचं ४९७ टर्बो एकाच घराण्यातली: चार सिलिंडर, ९७ मिमी बोअर, १०० मिमी स्ट्रोक, २९५६ सीसी. त्यामुळे इंजिन जागेवर बसतं आणि लोकांना वाटतं की बाकी सगळंही बसेल. अडचण बाहेर लटकणाऱ्या वस्तूंची असते. टर्बो, त्याचा तेलाचा पाइप, हवेचा पाइप आणि खाली उतरणारा जाड एक्झॉस्ट यांना जुन्या चेसिसमध्ये जागा ठेवलेलीच नव्हती. कुठे स्टीअरिंग बॉक्स आडवा येतो, कुठे चेसिसची लांब पट्टी, कुठे स्टार्टर, कुठे क्लचचा पाइप.

माझी पहिली पसंती नेहमी त्या इंजिनासोबत आलेल्या मूळ बीडाच्या मॅनिफोल्डला. जागा अडत असेल तर मॅनिफोल्ड बदलण्याआधी बाकीचं हलवता येतं का बघा. ब्रॅकेट सरकवता येते, क्लचचा पाइप दुसरीकडून नेता येतो, खालचा पाइप वेगळा वळवता येतो. ही कामं स्वस्त आहेत आणि टिकतात. बीड जाड असतं, त्यामुळे थरथर गिळतं, आणि तापल्यावर स्टीलपेक्षा कमी फुगतं.

हे फुगणं किती असतं ते आकड्यांत बघा. मॅनिफोल्ड ४०० मिमी लांब धरा आणि तापमान ५०० अंशांनी वाढलं असं धरा. साधं स्टील दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे मॅनिफोल्ड जवळपास २.४ मिमी लांब होतो. ३०४ प्रकारचं स्टेनलेस १७-१८ मायक्रॉन वाढतं, म्हणजे साडेतीन मिमी. हेड मात्र पाण्याने थंड राहिलेलं, ते फारसं वाढत नाही. हा फरक कुठेतरी सामावायला हवा. नाही सामावला तर टोकाचे स्टड कापले जातात. "स्टेनलेसचा बनवून घेतो, म्हणजे कायमचं टेन्शन गेलं," असं म्हणणाऱ्या मालकांना मी हाच हिशेब दाखवतो. स्टेनलेस गंजत नाही हे खरं, पण सगळ्यात जास्त सरकतं तेच.

मूळ मॅनिफोल्ड कसाच बसत नसेल तर दुसरा मार्ग त्याच घराण्यातल्या दुसऱ्या गाडीचा मॅनिफोल्ड शोधायचा. एकच इंजिन मिनीबसमध्ये वेगळं बसतं, ट्रकमध्ये वेगळं, आणि टर्बोचं तोंड कुठे वर, कुठे मागे, कुठे खाली असतं. कटिंगच्या गाड्या जिथे तुटतात तिथे जाताना आपल्या इंजिनाचं नवं पॅकिंग सोबत न्या. पॅकिंग मॅनिफोल्डच्या तोंडावर ठेवून पोर्ट आणि स्टडची भोकं दोन्ही जुळतात का बघा. नुसती भोकं जुळून पोर्ट अर्धवट झाकला गेला तर तो मॅनिफोल्ड आपल्या कामाचा नाही.

जुना बीडाचा मॅनिफोल्ड विकत घेताना तडा शोधायची रीत जुनीच आहे आणि अजूनही तीच चांगली. तारेच्या ब्रशने घासून साफ करा, रॉकेल किंवा डिझेल चोपडा, थोडा वेळ मुरू द्या, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि वरून खडूची भुकटी फासा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळसर रेघ उमटते. पोर्टच्या मधल्या जागा आणि टर्बोच्या फ्लॅन्जचे कोपरे नीट बघा. त्यानंतर तारेने टांगून छोट्या हातोडीने टकटक करा. घणघण वाजला तर चांगला, भदभद वाजला तर सोडून द्या.

काही जण टर्बो काढून टाकतात आणि जुना बिनटर्बोचा मॅनिफोल्ड लावतात, म्हणजे जागेचा प्रश्नच मिटला. मी याच्या विरुद्ध आहे. टर्बो इंजिनाचा पंप जास्त हवेच्या हिशेबाने डिझेल टाकतो. हवा कमी झाली की काळा धूर, जास्त उष्णता आणि पीयूसीला नापास. पंप उतरवून पुन्हा कॅलिब्रेशन करावं लागतं, आणि एवढं करून इंजिनाचं दाबाचं गुणोत्तर टर्बोसाठी ठेवलेलं, म्हणून ओढ जुन्या इंजिनाइतकीही येत नाही. टर्बोसाठी पैसे मोजून टर्बोच फेकायचा असेल तर इंजिन बदलायचंच कशाला?

आणि इंटरनेटवर दिसणारे लांब नळ्यांचे चकचकीत हेडर? ते अमेरिकेतल्या मोठ्या पेट्रोल ट्रकांसाठी आहेत. तिथे इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर फिरतं आणि प्रत्येक सिलिंडरच्या वायूचा ठोका दुसऱ्याला ओढून नेईल अशी नळ्यांची लांबी मोजलेली असते. आपल्या डिझेल इंजिनाची मजल तीन हजार फेऱ्यांच्या आसपास संपते. टर्बोला तर वायू जितका गरम आणि जवळून मिळेल तितका चांगला. लांब नळ्यांत उष्णता वाटेतच जाते आणि टर्बो उशिरा उठतो. ४०७ ला लांब हेडर लावून फायदा झालेला मी पाहिलेला नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर टर्बोनंतरच्या पाइपावर करा. जुन्या बिनटर्बोच्या गाडीचा पाइप टर्बोच्या वायूला अपुरा पडतो. आतला व्यास दोन इंचांवरून अडीच इंच केला तर वाट ५६ टक्के मोठी होते. फरक ड्रायव्हरच्या पायाला जाणवतो आणि मॅनिफोल्डही थंड राहतो.

बनवूनच घ्यायचा असेल तर

कधी कधी दुसरा इलाजच उरत नाही. तेव्हा वेल्डरला या गोष्टी आधी सांगा, नंतर नाही.

पाण्याचा, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप अजिबात नको. स्वस्त मिळतो, हाताशी असतो, म्हणून बरेच जण तोच वापरतात. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि भरलेल्या गाडीच्या मॅनिफोल्डमध्ये घाटात वायू ६००-७०० अंशांवर जातो. शिवाय वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप येतो. काळा, सी क्लासचा पाइप घ्या. त्यावर लाल पट्टा असतो आणि दीड इंची पाइपाची जाडी सुमारे ४ मिमी भरते. निळ्या पट्ट्याचा बी क्लास त्याहून पातळ, पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास आणखी पातळ. वळणं पाइप तापवून वाकवू नका, वेल्डिंगचे तयार जाड एल्बो मिळतात तेच लावा.

हेडकडची फ्लॅन्ज किमान १० मिमी, जमल्यास १२ मिमी जाड. एखादं निकामी हेड मिळवा आणि फ्लॅन्ज त्याला सगळ्या नटांनी आवळूनच वेल्डिंग करा. एका सिलिंडरला थोडं, मग लांबच्या सिलिंडरला थोडं, असं फिरून फिरून टाके मारा. पूर्ण थंड होईपर्यंत नट सोडायचे नाहीत. तरीही फ्लॅन्ज थोडी ओढली जातेच, म्हणून शेवटी मिलिंगवर किंवा सरफेस ग्राइंडिंगवर फेस मारून, म्हणजे टेकणारा पृष्ठभाग सपाट करून, घ्या. त्यानंतर प्रत्येक दोन पोर्टच्या मधे फ्लॅन्जला आरपार काप द्या, म्हणजे प्रत्येक तुकडा आपापला सरकेल. मधल्या स्टडचं भोक नेमक्या मापाचं ठेवा आणि टोकांकडची भोकं लांबीच्या दिशेने थोडी लंबगोल करा. या दोन गोष्टी न केलेला, बनवून घेतलेला मॅनिफोल्ड कितीही जाड असला तरी स्टड तोडतोच.

टर्बोचं वजन नुसत्या नळ्यांवर सोडू नका. टर्बोखाली इंजिनाच्या ब्लॉकवरून एक पट्टीचा आधार द्या, आणि तोही थोडा सरकू शकेल असा.

बीडाच्या मॅनिफोल्डचा तडा साध्या रॉडने भरून घेऊ नका. तो भरल्यासारखा दिसतो आणि बाजूला नवा तडा जातो. निकेलचा रॉड, आधी मॅनिफोल्ड सगळीकडून तापवणं, छोटे टाके, प्रत्येक टाक्यावर हलकी हातोडी आणि शेवटी राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश थंड करणं, एवढं करणारा कारागीर मिळाला तरच करा. नाहीतर दुसरा मॅनिफोल्ड शोधणं परवडतं.

टर्बोचं तोंड फिरवलं असेल तर तेलाकडे बघा

मॅनिफोल्ड बदलला की टर्बोचा कोनही बदलतो. टर्बोतलं तेल ऑइल पंपाच्या दाबाने आत येतं, पण परत सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, जातं ते फक्त उतारावरून. परतीचं तोंड जवळजवळ सरळ खाली असलं पाहिजे आणि पाइपाला कुठेही चढ, पोट किंवा दुमड नको. तसं नसेल तर तेल टर्बोत साचतं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरतं आणि गाडी निळा धूर सोडते. इंजिन नवंनवं बसवलेलं असताना हा धूर बघून पिस्टनच्या रिंग गेल्या म्हणून इंजिन खोललेलं मी पाहिलं आहे. आधी परतीचा पाइप बघा. टर्बोच्या मधल्या घराचे बोल्ट सैल करून त्याला फिरवता येतं, मॅनिफोल्ड बदलावा लागत नाही.

उष्णताच जास्त होत असेल तर

जोड, आधार आणि फ्लॅन्ज हे सगळं ठीक असून मॅनिफोल्ड रात्री लालबुंद दिसत असेल, तर आग इंजिनातच जास्त आहे. पहिला संशय एअर फिल्टरवर. आपल्याकडची धूळ आणि जिनिंगच्या आवारातला कापसाचा तंतू मिळून फिल्टरवर गोधडी तयार होते. हवा अडली की डिझेल नीट जळत नाही आणि उरलेलं मॅनिफोल्डमध्ये जळतं. दुसरा संशय घाटासाठी वाढवून घेतलेल्या पंपावर. थोडा जोर मिळतो, पण किंमत मॅनिफोल्ड, टर्बो आणि पिस्टन मिळून देतात. तिसरा पंपाच्या टायमिंगवर, म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये पडण्याच्या वेळेवर. टायमिंग उशिरा असलं तरी उष्णता एक्झॉस्टकडे जाते.

आणि पाणी. एप्रिल-मे महिन्यात भुसावळ, जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे असतो. गाडी तापली म्हणून ड्रायव्हर दादा बादलीभर पाणी इंजिनावर मारतात, किंवा घाट उतरून थेट वॉशिंगला लावतात. बीड तापलेलं असताना त्यावर गार पाणी पडलं की तडा तिथल्या तिथे जातो. इंजिन हात लावण्याइतकं थंड झाल्यावरच धुवा.

बसवताना

हेडचा आणि मॅनिफोल्डचा फेस दोन्ही स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फिलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) तपासा. शेजारच्या दोन पोर्टमध्ये ०.१ मिमीचं पातं सहज जात असेल, किंवा पूर्ण लांबीत ०.२ मिमीचं जात असेल, तर मी फेस मारल्याशिवाय बसवत नाही. दोन पॅकिंग एकावर एक लावून फट भरू नका, दोघंही उडतात. टर्बो इंजिनाला स्टीलच्या थरांचं पॅकिंग घ्या.

स्टड सगळेच बदला, तुटलेला एकटाच नको. त्याच्या शेजारच्यांनीही तोच ताण खाल्लेला असतो. आटे टॅपने साफ करा आणि उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी थोडं लावा. नट तांब्याचा मुलामा असलेले घेतले तर पुढे उघडताना स्टड तुटत नाही. लांब स्टड आणि नटाखाली जाड बुश वापरता आला तर जास्त चांगलं. लांब स्टड थोडा ताणतो आणि मॅनिफोल्डचं फुगणं पोटात घेतो.

आवळायचं मधून टोकांकडे, आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच पाळा. नसेल तर ८.८ ग्रेडच्या ८ मिमी स्टडला साधारण २५ न्यूटन-मीटर आणि १० मिमीला ४५ ते ५० हे प्रमाण चालतं.

चेसिस आणि मॅनिफोल्डमधली जागा गाडी उभी असताना बोटभर दिसते आणि चालताना संपते. इंजिन थंड असताना कणकेचा गोळा त्या फटीत चिकटवा. हँडब्रेक लावून आणि चाकांना लाकडी ठोकळे देऊन पहिल्या गिअरमध्ये क्लच थोडासा सोडा, मग रिव्हर्समध्ये तसंच करा, आणि इंजिन एकदा बंद करा. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं राहायचं नाही. कणीक किती चेपली त्यावरून इंजिन किती कलतं ते मोजता येतं. चेपल्यावरही एक इंच जाडी उरली पाहिजे. ब्रेकचा, डिझेलचा पाइप किंवा वायरिंग दोन इंचांच्या आत असेल तर ते हलवा. हलवता येत नसेल तर मधे पत्रा लावा, आणि पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी हवा खेळू द्या.

कापूस आणि कडबा

हे आपल्याच भागासाठी वेगळं लिहितो आहे. चोपडा, पारोळा, शहादा अशा ठिकाणांहून मोकळा कापूस भरून गाड्या जिनिंगला जातात. फाळक्याच्या फटीतून कापसाचा पुंजका उडतो आणि चेसिसवर, कॅबिनच्या मागे, मॅनिफोल्डच्या आसपास जमतो. पॅकिंग उडालेल्या जागेतून घाटात गरम वायूची जीभ बाहेर येते. त्याच्या वाटेत कापूस असला तर पुढे काय होईल ते सांगायला नको. फुसफुस करणाऱ्या मॅनिफोल्डवर कापसाची खेप घेऊ नका, भाडं बुडालं तरी चालेल. सायलेन्सरचं तोंडही मालाखाली न ठेवता बाजूला काढा. कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळल्या गवतावर घाट चढून आलेली गाडी लगेच उभी करू नका.

गळकी गाडी काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपायला तर मुळीच वापरू नका. धूर कॅबिनमध्ये शिरतो आणि झोपेत कळत नाही.

कागदपत्रं

इंजिन बदललं की आरसीवरचा इंजिन नंबर जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि नोंद लागते, मग गाडी एमएच १८ ची असो, १९ ची की ३९ ची. इंजिन पक्क्या बिलावर घ्या, नंबर स्वतः वाचून बिलावर लिहून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. नोंद नसलेल्या गाडीला आग लागली तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न इंजिन नंबरचाच येतो.

सगळं केल्यावर

पहिली भरलेली खेप झाली की गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी स्टार्ट करण्याआधी नट पुन्हा त्याच मापाने तपासा. साध्या पॅकिंगला थोडं आवळावं लागतं, स्टीलच्या थरांच्या पॅकिंगला बहुधा लागत नाही. नंतर जोडाच्या कडेला नवी काजळी आली का बघत राहा. आली तर ती आधीच्याच जागी आहे की नवीन, हे लिहून ठेवा. नवीन जागी असेल तर वरच्या क्रमाने परत बघा. त्याच जागी असेल, आणि मॅनिफोल्डचा फेस सरळ मारलेला असेल, तर आता हेडचा फेस खाल्लेला आहे. तिथे वर्षानुवर्षं निसटलेल्या वायूने खाच पाडलेली असते आणि तिच्यावर कोणतंही पॅकिंग बसत नाही. हेड उतरवून त्या बाजूचा फेस मारून घ्यावा लागेल, आणि हेड उतरवलंच आहे तर वॉल्व्हही त्याच वेळी बघून घ्या.